एकदांडी, चटकचांदणी आणि एक पोतं कॉसमॉस

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलं आहे. माईक दोनदा बंद पडला तो भाग गाळला आहे. – संपादक मंडळ)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘निसर्ग आणि आपण’. एवढ्या मोठ्या विषयावर वीस मिनिटांत काहीच बोलता येत नाही, म्हणून मी तीन फुलांवर बोलतो. तिन्ही मूळची अमेरिकेची. पहिलं आपण गुडघ्याला लावलं, दुसरं आपण उपटत आलो, आणि तिसरं आत्ता या स्टेजच्या मागच्या खोलीत पोत्यात भरून ठेवलेलं आहे.

त्या पोत्याचं आधी सांगतो, कारण त्याच्यामुळेच मी हा विषय घेतला. पहिला पाऊस झाला की आपण सगळ्यांनी तुंगारेश्वरला जायचं, वाटेत दोन्ही बाजूंना कॉसमॉसचं बी टाकायचं, म्हणजे दसऱ्यापर्यंत डोंगराची वाट केशरी होईल, असा एक बेत ठरला आहे. बी ज्यांनी आणलं ते माझे मित्र आहेत, स्वतःच्या खिशातून आणलं आहे, आणि हेतू शंभर टक्के चांगला आहे. पहिली मूठ मी टाकावी अशी त्यांची इच्छा आहे. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं म्हणून हा मान. ती मूठ मी टाकणार नाही. का, ते मात्र नीट सांगायला हवं.

एकदांडीपासून सुरुवात करू. नाव ऐकून काहींना आठवलं नसेल, पण वस्तू पाहिली की लगेच ओळखाल. जमिनीवर पसरलेलं खरखरीत पानांचं रोप, त्यातून वर आलेला वीतभर एकटा दांडा, आणि टोकाला एकच फूल. मध्ये पिवळं बटण, भोवती चार-पाच फिकट पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. कुणी दगडीपाला म्हणतं, कुणी कंबरमोडी. दोन दांडे एकमेकांत अडकवून ओढायचे, ज्याचं डोकं तुटलं तो हरला, हा खेळ सगळ्यांनी खेळला आहे. आणि मैदानावर आपटून गुडघा सोलवटला की पाला चुरगाळून त्याचा रस जखमेवर पिळायचा. झोंबायचं, पण रक्त थांबायचं. आपल्या शाळेतल्या औषधाच्या पेटीत नुसती कात्री होती, बाकी सगळं औषध मैदानाच्या कडेला उगवत होतं.

माझ्या विद्यार्थ्यांना मी विचारायचो, हे झाड कुठलं? सगळे म्हणायचे, आपलं, गावठी. आजीचं औषध म्हणजे आपलंच असणार! तर ही एकदांडी, शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागापर्यंतची. मेक्सिको उत्तर अमेरिका खंडात येतो, हे भूगोलाच्या बाई बसल्या आहेत म्हणून आवर्जून सांगतो. लिनियसने तिचं नामकरण केलं १७५३ साली. आपल्याकडे ती नेमकी कुठल्या जहाजातून उतरली त्याची पावती कुणाकडे नाही. पण १८८० च्या सुमारास हूकरने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ काढला, त्यात ती आहे. आणि पुढे मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर थिओडोर कुकचा ग्रंथ आला, १९०१ ते १९०८ च्या दरम्यान, त्यातही ती आहे.

या कुकबद्दल दोन वाक्यं जास्त बोलतो, कारण तो आपल्या गावाचा ऋणानुबंध आहे. कुक मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे, इंजिनिअर. आयर्लंडहून १८६० साली बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरीला आला आणि त्याच्याकडे काम आलं ते वसईच्या खाडीवरच्या लोखंडी पुलाचं. म्हणजे आपली लोकल ज्या मार्गाने खाडी ओलांडते, त्या मार्गावरचा पहिला पूल उभारणारा माणूस. पुढे तो पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्राचार्य झाला आणि फावल्या वेळात झाडं गोळा करता करता त्याने जो ग्रंथ लिहिला तो आजही आमच्या टेबलावर असतो. एखादं झाड महाराष्ट्रात कधीपासून आहे असा वाद निघाला की आम्ही पहिल्यांदा म्हणतो, कुक बघा. त्याच्या ग्रंथात एकदांडी आहे. आणि एक झाड नाही, त्याकडे मी येतोच.

एकदांडी पसरली कशी? तिच्या प्रत्येक बीला पिसांची छत्री असते. वाऱ्याने उडते, रेल्वेच्या डब्यामागे ओढली जाते. शिवाय खोड तुटून मातीला टेकलं की गाठीवर मुळं फुटतात. जगातल्या जवळजवळ सगळ्या उष्ण देशांत ती आज आहे. गंमत अशी की अमेरिकेच्या केंद्र सरकारने तिला उपद्रवी तणांच्या यादीत टाकलं आहे. फ्लोरिडात ती शिरली आहे आणि त्यांना ती नको आहे. तिचं घर तिथून फार लांब नाही, पण घर वेगळं आणि शेजार वेगळा. वनस्पतीचा मूळ प्रदेश देशाच्या नकाशावरून ठरत नाही. डोंगर, पाऊस, थंडी, तिला खाणारे किडे, हे सगळं मिळून तिची हद्द आखतात.

मग एकदांडीचं करायचं काय? माझं स्पष्ट मत, काही नाही. ती बुटकी आहे, उघड्या, तुडवलेल्या जमिनीवर राहते, जंगलाच्या सावलीत शिरत नाही. उन्हाळ्यात जेव्हा दुसरं फूल नसतं तेव्हा बारकी निळी फुलपाखरं तिच्यावरच जगतात. जखमेवरच्या गुणाचे आपल्याकडे प्रयोगशाळेत प्राण्यांवर प्रयोगही झाले आहेत. सव्वाशे-दीडशे वर्षं ती इथे आहे आणि कुणाची जागा बळकावून बसलेली नाही.

आता दुसरं फूल. हे कुकच्या ग्रंथात नाही.

गाजर गवत. पानं गाजरासारखी म्हणून गाजर गवत, बारीक पांढऱ्या फुलांमुळे चटकचांदणी, आणि राजकारणामुळे काँग्रेस गवत. पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळ प्रदेश मेक्सिकोच्या आखाताच्या भोवतीचा, म्हणजे अमेरिकेचा दक्षिण भाग, मेक्सिको, कॅरिबियन बेटं, आणि खाली दक्षिण अमेरिकेत. दक्षिण अमेरिकेतला प्रकार थोडा वेगळा आहे. जो जगभर पसरला तो उत्तर अमेरिकेचा.

भारतातली त्याची गाजलेली नोंद पुण्याची. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते दिसलं आणि आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘भारतासाठी नवी नोंद’ म्हणून लिहिलं. आपल्या सगळ्यांच्या घरी ऐकलेली गोष्ट अशी, की अमेरिकेने पी. एल. ४८० खाली जो लाल गहू पाठवला त्यातून हे बी आलं. रेशनच्या रांगेत उभं राहून तो गहू आणलेले बरेच जण इथे आहेत, त्यांना ही गोष्ट फार आवडते. पण तारखा बघा. आपला पी. एल. ४८० चा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि झाड त्याच्या आधीच पुण्यात उभं! आता त्याआधी १९५१ मध्येही अमेरिकेचा गहू कर्जावर आला होता, तेव्हा गव्हाला पूर्ण निर्दोष सोडता येत नाही. पण रॉक्सबर्गने १८१४ साली कलकत्त्याच्या बागेतल्या झाडांची यादी छापली, तिच्यातही हे नाव सापडतं. म्हणजे एकदा बागेत येऊन गप्प बसलं, आणि दीडशे वर्षांनी दुसरीकडून येऊन माजलं, असं असू शकतं. मी याच्यावर जोर देतो, कारण कॉसमॉसची बाजू मांडणारे नेहमी म्हणतात, ‘अहो, पन्नास-शंभर वर्षं बागेत आहे, काही झालं का?’ बागेत शांत बसणं ही हमी नव्हे.

माजणं म्हणजे काय, ते आकड्यांत सांगतो. एका चांगल्या वाढलेल्या झाडाला १५,००० ते २५,००० बिया. वर्षातून दोन-तीन पिढ्या. मुळांतून आणि कुजलेल्या पानांतून जी रसायनं सुटतात त्यांनी शेजारच्या बिया नीट रुजत नाहीत. गुरं खात नाहीत, खाल्लं तर दुधाला कडू वास. आणि माणसाला? पुण्याच्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकाच्या शेवटीच लिहून ठेवलं की या गवतामुळे त्वचारोगाची साथच आली आहे. पार्थेनिन नावाचं द्रव्य त्याला कारण. चेहरा, मान, हाताचे कोपर, जिथे उघडी त्वचा तिथे खाज, चामडी जाड होणं, आणि एकदा अंगाला वावडं झालं की ते आयुष्यभर राहतं. आमच्या वर्गातल्या एकाला शेतावर जाणं सोडावं लागलं. तो आज इथे आहे, नाव घेत नाही.

ऑस्ट्रेलियाची कथाही अशीच. क्वीन्सलँडमध्ये ते आधी दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन यंत्रसामग्रीबरोबर आलं असं मानतात, आणि मग १९५८ मध्ये टेक्सासहून आणलेल्या चाऱ्याच्या गवताच्या बियाण्यातून पुन्हा. दुसऱ्या वेळचं आलेलं चरायच्या कुरणांत पसरलं. बियाण्यातली भेसळ ही अशी महाग पडते. आपल्याकडे १९८३ मध्ये मेक्सिकोहून एक भुंगा आणला, झायगोग्रामा नावाचा, आणि पुढच्या वर्षी बंगळूरला सोडला. तो मुख्यतः गाजर गवताची पानं खातो. पावसाळ्यात ठिकठिकाणी झाडं पार झोडपून काढतो, मग कोरड्या दिवसांत जमिनीत जाऊन झोपतो. गवत झोपत नाही. म्हणून हिशेब अजून चुकता झालेला नाही.

वसईत ते कुठे आहे ते सांगायला मला नकाशा लागत नाही. रेल्वेच्या कडेला, कचऱ्याच्या ढिगाऱ्याभोवती, आणि सगळ्यात जास्त भरावावर. आपली केळीची वाडी, पानवेलीचा मांडव, मोगऱ्याचं रान जोवर कसलं जात होतं तोवर त्याला आत जागा नव्हती. वाडी विकली, बावखल बुजवलं, डंपरने लांबून माती आणून ओतली, आणि मग प्लॉट दहा वर्षं कोर्टात पडून राहिला. त्या मातीतून बी येतं. २०१८ च्या जुलैत पाणी रुळांवर चढून गाड्या थांबल्या होत्या ते सगळ्यांना आठवतं. असं पाणी ओसरताना बी घेऊनच जातं, एका वाडीतून दुसऱ्या वाडीत. आपण तणाला शिव्या देतो, पण त्याने कसलेली जमीन घेतलेली नाही, आपण सोडून दिलेली घेतली.

(इथे कुणीतरी मागून ‘बाहेरचे सगळे असेच’ म्हणालं. ते मी ऐकलं. मी झाडांबद्दल बोलतोय, भाऊ. आपल्या सगळ्यांच्या ताटात मिरची, पेरू, पपई, रताळं आहे. ही सगळी अमेरिकेचीच. पोर्तुगीज वसईत २०५ वर्षं होते, १५३४ पासून चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत. ते गेले, पपई राहिली. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा, देवळासमोरचा आणि आपल्या कब्रस्तानांतलाही चाफा तिकडचाच. आपली दादरला जाणारी फुलांची टोपली जर मूळ गावानुसार निवडायला बसलो तर बाजार उठेल.)

झेंडू आणि गाजर गवत यांच्यात फरक काय? झेंडू दरवर्षी पेरावा लागतो. पाणी द्यावं लागतं. आपण हात काढून घेतला की दोन-तीन वर्षांत तो वाडीतून दिसेनासा होतो. म्हणून मी आलेल्या प्रत्येक झाडाला एकच प्रश्न विचारतो: आम्ही विसरलो तर तू काय करशील?

कॉसमॉसला हा प्रश्न विचारू.

केशरी-पिवळा कॉसमॉस, कॉसमॉस सल्फ्युरिअस. याचंही घर मेक्सिको आणि त्याच्या खालचे देश. कॅव्हानिय्येस नावाच्या स्पॅनिश धर्मगुरू-शास्त्रज्ञाने माद्रिदच्या बागेत वाढलेल्या रोपांवरून १७९१ साली त्याचं वर्णन केलं. कॉसमॉस हा ग्रीक शब्द, सुव्यवस्था आणि शोभा दोन्ही अर्थांचा. शोभा खरीच. दिसतं सुंदर, वादच नाही. पण बघा त्याचं कसं आहे. पावसाबरोबर उगवतं, माणसाच्या कमरेच्या वर, कधी डोक्यापर्यंत वाढतं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलतं, आणि दिवाळीनंतर सुकून हजारो काळ्या, लांब चोचीच्या बिया टाकतं. पुढच्या वर्षी कुणी पेरायला लागत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर, घाटरस्त्यांच्या कडेला गेल्या काही वर्षांत ते असं पसरलंय की लोक गाड्या थांबवून फोटो काढतात आणि जाताना मूठभर बी घरी नेतात. बीला पिसांची छत्री नाही, म्हणून एकदांडीसारखं ते स्वतः उडत जात नाही. त्याची छत्री आपण आहोत. रस्त्याचं काम करणारी माती, बुटाचा तळवा, गाडीचं चाक, आणि उत्साही मंडळींनी फेकलेली मूठ.

ज्या महिन्यांत ते वाढतं नेमक्या त्याच महिन्यांत आपली बुटकी फुलं येतात, आणि अडचण तिथेच आहे. तुंगारेश्वरच्या पठारावर, वाटेच्या कडेला, श्रावण-भाद्रपदात काय असतं ते तुम्ही लहानपणी पाहिलंय. गौरीला लागणारा तेरडा. रानहळद. सीतेची आसवं, जी वीतभरही नसतात. कवळा, ज्याची भाजी पारोळ-कामणच्या बायका बाजारात घेऊन बसतात. सोनकी. आणि सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी. यातल्या बहुतेकांना ऊन लागतं आणि त्यांना वर वाढायची सवय नाही. चार फूट उंच दाट कॉसमॉसखाली सीतेच्या आसवांना ऊन कुठून मिळणार? तेरड्याचं बी फुटून फार तर हातभर लांब पडतं. कॉसमॉसशी शर्यत लावायला ते झाड जन्मलेलं नाही.

लोक म्हणतात, कॉसमॉसवर मधमाश्या येतात. येतात. पण कवळ्याची भाजी कॉसमॉस देणार नाही, आणि ज्या अळ्या तेरड्याच्या पानावर वाढतात त्यांना कॉसमॉसचं पान देऊन चालणार नाही. फुलपाखरू मध कुठेही पितं, अंडी मात्र ठरलेल्या घरीच घालतं.

तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे, सुमारे ८५ चौरस किलोमीटर. तिथे आधीच घाणेरी आहे, जी १९व्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणली गेली. तिच्या लाल-पिवळ्या फुलांचंही असंच कौतुक झालं होतं. रानमोडी आहे, फ्लोरिडा-टेक्सासपासून अर्जेंटिनापर्यंतची, वणव्यानंतर मोकळ्या झालेल्या जागेत सगळ्यात आधी शिरणारी. या दोघींना काढायला वनखात्याचे मजूर मुळं खणतात आणि दुसऱ्या पावसात पुन्हा तेच. आणि अभयारण्यात बाहेरचं बी टाकणं हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही, परवानगीचाही आहे, हे आपल्या वकील मित्रांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

कॉसमॉस गाजर गवत होईल का? मला तसं वाटत नाही. तो कुणाला खाज आणत नाही, आणि उपटायला सोपा आहे. तरी डोंगरावर नको. तिथे चूक कळेपर्यंत आठ-दहा वर्षं जातात, आणि तेव्हा उपटायला आपल्यातले किती जण डोंगर चढू शकतील ते आजूबाजूला पाहून तुम्हीच ठरवा.

आता पोत्याचं. फेकून द्या असं मी म्हणत नाही. ज्यांना हवं त्यांनी गॅलरीतल्या कुंडीसाठी चिमूटभर न्या. चौथ्या मजल्यावरच्या कुंडीत कॉसमॉस शोभतो. अट एकच, फूल सुकायला लागलं की डोकं कापायचं आणि ओल्या कचऱ्यात न टाकता घरीच एखाद्या डब्यात कुजवायचं. उरलेलं बी दुकानदार परत घेत असेल तर उत्तम, नाहीतर माझ्याकडे द्या, मी त्याचा बंदोबस्त करतो.

सहल मात्र रद्द करू नका. पावसाळ्यात चढू, बी न टाकता. आपल्यापैकी ज्यांच्या घराभोवती अजून तेरडा उगवतो त्यांनी त्याचं बी या वर्षी गोळा करून ठेवावं. ते डोंगरावर न्यायची गरज नाही, तिथे आहे. ते आपल्या शाळेच्या कुंपणाला लावू. मुख्याध्यापिका बाईंशी मी बोललो आहे, मागच्या मैदानाचा विहिरीकडचा पट्टा गणपती होईपर्यंत कापायचा नाही, एवढं त्यांनी मान्य केलं आहे.

आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आठ वाजता ज्यांना जमेल त्यांनी शाळेत यावं. मैदानाच्या पलीकडच्या भरावावर गाजर गवत गुडघ्याएवढं झालेलं असेल, पण फुलावर आलेलं नसेल. तीच वेळ बरोबर. फुलं आल्यावर उपटलं तर आपणच बी झाडत फिरतो. माती ओली असताना मुळासकट निघतं. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातात मोजे, तोंडाला रुमाल. ज्यांना आधीच वावडं आहे त्यांनी येऊ नये, चहाची व्यवस्था बघावी. भरावाच्या मालकाला मी फोन केला होता, त्यांची हरकत नाही. एकदांडी दिसली तर तिला हात लावू नका, कुणाचा गुडघा फुटला तर लागेल.